अहवाल हाती आला, आता कुठे जायचे? : अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाच्या कुटुंबासाठी आधारसेवा

अनुस्वार (मूळ लेखन)

माझा मुलगा नऊ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. गेल्या आठवड्यात त्याच्या मूल्यमापनाचा अहवाल आमच्या हाती आला. वाचन आणि लेखन या दोन्ही क्षेत्रांत विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचे त्यात नमूद केले आहे. बुद्ध्यंक सरासरीपेक्षा थोडा वरच आहे, असेही लिहिले आहे. अकरा पानांचा तो अहवाल मी इतक्या वेळा वाचला आहे की त्यातील तक्ते आता पाठ झाले आहेत. मात्र शेवटच्या पानावरील ‘उपचारात्मक अध्यापन आणि पालकांचे समुपदेशन सुचवण्यात येत आहे’ या एका ओळीपलीकडे, हे अध्यापन कोण करते, त्यासाठी कोणाकडे जायचे, ते किती काळ चालते आणि ते योग्य चालले आहे हे आम्ही कसे ओळखायचे, यांपैकी कशाचेही उत्तर मला त्यात सापडलेले नाही. अहवाल समजावून सांगण्यासाठी आम्हाला दहा मिनिटे मिळाली. त्या दहा मिनिटांत मला एकही प्रश्न सुचला नाही. सगळे प्रश्न घरी आल्यावर सुचले.

त्याची अडचण कशी दिसते ते सांगते. ‘किती’ हा शब्द लिहायचा असेल तर तो आधी ‘क’ काढतो, कारण कानाला आधी ‘क’च ऐकू येतो. मग पहिल्या वेलांटीसाठी डावीकडे जागाच उरलेली नाही हे त्याच्या लक्षात येते आणि तो सगळे खोडतो. एकाच जागी तीन-चार वेळा खोडल्यावर कागद आधी खरखरीत होतो, मग पातळ होतो आणि शेवटी फाटतो. त्याच्या शुद्धलेखनाच्या वहीत अशी भोके पडलेली पाने आहेत, आणि ती वही मला गादीखाली सापडली.

त्याची बहीण सहा वर्षांची आहे. ती आता फाटकांवरच्या पाट्या मोठ्याने वाचते. ती वाचू लागली की तो खोलीतून उठून जातो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की पूर्वी असले काही नव्हते, लक्ष दिले की जमेल. माझे यजमान फारसे बोलत नाहीत, पण अहवाल त्यांनी अजून उघडलेला नाही. मला मुलासाठी मदत हवी आहे, हे उघडच आहे. पण खरे सांगायचे तर आम्हा चौघांनाही कोणाचा तरी आधार हवा आहे. ज्यांनी हा रस्ता चालून पाहिला आहे, त्यांनी पहिले पाऊल कुठे टाकावे हे कृपया सांगावे.

कित्ता

अनुस्वार, तुमचे लेखन वाचताना मला सहा वर्षांपूर्वीची मी आठवले. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिची अडचण वाचनाबरोबर गणितातही होती. आम्ही पहिले वर्ष अक्षरशः वाया घालवले, कारण आम्ही ‘चांगले केंद्र कोणते’ एवढेच विचारत फिरलो. खरा प्रश्न ‘हिला नेमके काय येत नाही आणि ते शिकवणारी व्यक्ती कोण’ हा होता. तो प्रश्न हाती आल्यावर माणसे सापडू लागली. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, ज्यांनी मूल्यमापन केले त्यांच्याकडे अहवालावर बोलण्यासाठी पुन्हा वेळ मागा. यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही. जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या आणि शक्य असेल तर यजमानांनाही बरोबर न्या. तिथे विचारा की त्याला शब्दातील सुटे ध्वनी ओळखता येतात का, अडचण अक्षर ओळखण्यात आहे की वेगात, लिहिताना हात दुखतो का, ऐकलेले लक्षात राहते का आणि एकाग्रतेची वेगळी अडचण सोबत आहे का. अध्ययन अक्षमता आणि अवधानाची अडचण अनेक मुलांत एकत्र आढळतात, आणि दोन्ही असतील तर केवळ एकीवर काम करून भागत नाही. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी झालेली नसेल तर तीही करून घ्या.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे. ती किरकोळ वाटेल, पण आमचे अनेक महिने तिच्यात गेले. महाजालावर ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असे शोधले की ब्रिटनमधील अनेक संस्थांची उत्तम पाने समोर येतात, परंतु तिकडे या शब्दाचा अर्थ बौद्धिक अक्षमता असा होतो. आपल्या मुलांना जे आहे त्याला तिथे ‘स्पेसिफिक लर्निंग डिफिकल्टी’ किंवा सरळ ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात. अमेरिकेत आणि भारतात मात्र ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे वाचन, लेखन किंवा गणन यांतील विशिष्ट अडचण. मी चुकीच्या अर्थाची पाने वाचून रात्रभर रडले आहे. म्हणून शोधताना वाचनासाठी डिस्लेक्सिया, लेखनासाठी डिसग्राफिया आणि गणितासाठी डिसकॅल्क्युलिया हे नेमके शब्द वापरा. इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन ही १९४९ साली स्थापन झालेली संस्था आणि १९७२ सालची ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन यांची पालकांसाठीची माहितीपत्रके कोणत्याही देशातील कुटुंबाला उपयोगी पडतील अशी आहेत.

तिसरी गोष्ट शाळेची. शाळेशी जे बोलाल ते लेखी बोला. तोंडी आश्वासने वर्ग बदलला की विरून जातात. आमच्याबाबतीत तीन वर्गशिक्षिका बदलल्या आणि प्रत्येक वेळी आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, कारण कागदावर काहीच नव्हते. त्यानंतर मी एक साधी फाइल केली. त्यात तारखेनुसार अहवाल, शाळेला दिलेली पत्रे, आलेली उत्तरे आणि दर महिन्याचे तिच्या वहीचे एक पान ठेवते. वहीची पाने आवर्जून ठेवा, ती गादीखालची वहीसुद्धा. वर्षभराने प्रगती झाली की नाही हा वाद सुरू होतो तेव्हा दुसऱ्या कोणत्याही पुराव्यापेक्षा ती पाने अधिक बोलतात.

आणि कायद्याची माहिती करून घ्या. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील चोविसावे कलम शिक्षणाविषयी आहे, आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवणे हे त्यात कर्तव्य म्हणून मांडले आहे, उपकार म्हणून नव्हे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा लागतो. भारतात २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने ज्या एकवीस अक्षमता मानल्या, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तुम्ही जिथे राहता तिथल्या नियमात ‘प्रमाणपत्र कोण देते’ आणि ‘सवलती कोणत्या’ या दोन बाबी आधी पाहा, कारण परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक किंवा शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष यांसारख्या सवलती बहुधा त्या प्रमाणपत्रावरच अवलंबून असतात.

शेवटी पालकांविषयी. आज आपण वापरतो ती ‘लर्निंग डिसॅबिलिटीज’ ही संज्ञा सॅम्युअल कर्क या अमेरिकी अभ्यासकाने १९६३ साली शिकागो येथे मांडली, आणि ते व्यासपीठ डॉक्टरांचे नव्हते. एकत्र जमलेल्या पालकांचे होते. पुढच्याच वर्षी त्या पालकांनी स्वतःची संघटना उभी केली. या क्षेत्राची सुरुवातच घरांतून झालेली आहे. आपल्यासारख्या दुसऱ्या दोन कुटुंबांशी ओळख होणे हीच मला मिळालेली सर्वांत टिकाऊ सेवा होती. मूल्यमापन करणाऱ्यांना विचारा की, परवानगी घेऊन ते तुमची एखाद्या पालकाशी गाठ घालून देतील का. बहुतेक जण आनंदाने देतात.

खडूफळा

मी विशेष शिक्षिका आहे आणि बरीच वर्षे अशा मुलांना शिकवते आहे. कित्ता यांनी सांगितलेल्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून केवळ अध्यापनाविषयी लिहिते.

उपचारात्मक अध्यापन म्हणजे शाळेचाच अभ्यास पुन्हा एकदा सावकाश करून घेणे नव्हे. शिकवणी आणि उपचारात्मक अध्यापन यांतील हा फरक पालकांना कोणी समजावून सांगत नाही, आणि त्यामुळे कित्येक मुले वर्षानुवर्षे शिकवणीला जातात, गृहपाठ पूर्ण होतो, पण वाचन जिथल्या तिथे राहते. वाचनाच्या अडचणीच्या मुळाशी बहुतेक मुलांत ध्वनीविषयक जाणिवेची अडचण असते. शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला आहे, ते ध्वनी वेगळे करता येतात, जोडता येतात आणि प्रत्येकासाठी एक चिन्ह आहे, हे इतर मुलांना जवळपास आपोआप उमगते. या मुलांना ते क्रमाने, उघडपणे आणि भरपूर सराव देऊन शिकवावे लागते. अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन ध्वनी-अक्षर संबंध पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूने स्पष्ट निष्कर्ष दिला. सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाणारी, पाहणे-ऐकणे-हाताने गिरवणे यांना एकत्र आणणारी पद्धत तर त्याहूनही खूप जुनी आहे.

देवनागरीत या कामाला एक वेगळे वळण येते, आणि तुम्ही दिलेले ‘किती’चे उदाहरण त्याचा नेमका नमुना आहे. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहिताना व्यंजनाच्या आधी काढावा लागतो. तुमच्या मुलाने चूक केलेली नाही. तो कानाशी प्रामाणिक राहिला आहे. मी अशा मुलांना सुरुवातीला वेलांटी वेगळ्या रंगाने लिहायला देते, आधी तोंडाने ‘क, त्यावर इ’ असे फोडून म्हणायला लावते आणि ओळीत डावीकडे एक बोट जागा सोडण्याची सवय लावते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एकाच दिवशी शिकवत नाही. जोडाक्षरे बरीच उशिरा घेते. ज्या शिक्षकांकडे जाल त्यांना, ‘तुम्ही मात्रा आणि जोडाक्षरे कोणत्या क्रमाने घेता?’ असा साधा प्रश्न विचारा. ज्यांच्याकडे क्रम आहे ते लगेच सांगतील. ज्यांच्याकडे नाही ते ‘मुलाच्या पुस्तकाप्रमाणे’ असे उत्तर देतील, आणि तेवढ्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

याखेरीज विचारा की सुरुवातीला ते स्वतःची चाचणी घेऊन नोंद करतील का, आठवड्यातून किती वेळा भेटतील आणि तीन महिन्यांनी कोणत्या मोजमापाने प्रगती दाखवतील. आठवड्यातून एकदा तासभर यापेक्षा तीनदा अर्धा-पाऊण तास हे बहुतेक लहान मुलांना अधिक मानवते, कारण या शिकण्यात विसरणे जलद असते. एकट्याने किंवा दोघा-तिघांच्या गटात शिकवणे चालते. पंधरा मुलांच्या वर्गाला मी उपचारात्मक अध्यापन म्हणणार नाही.

मूल्यमापन कोणत्या भाषेत झाले, हेही अवश्य पाहा. मूल ज्या भाषेत वाचायला शिकले त्याच भाषेत त्याची वाचन-चाचणी व्हायला हवी. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असेल तर दोन्हींत तपासणे योग्य, कारण खरी अध्ययन अक्षमता दोन्हीकडे कोणत्या ना कोणत्या रूपात दिसते. केवळ नव्या भाषेतच अडचण असेल तर कदाचित त्या भाषेचा सहवास कमी पडला असेल. राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे, हे या दृष्टीने मोलाचे आहे.

उंबरठा

मी एका मुलीचा बाप आहे आणि अनुस्वार यांच्या यजमानांच्या बाजूने थोडे लिहावेसे वाटते, कारण मीही अहवाल दोन महिने उघडला नव्हता.

माझी भीती अशी होती की एकदा कागदावर शब्द आला की तो शब्दच मुलीची ओळख होईल. शिक्षक तिच्याकडून अपेक्षा ठेवणे सोडतील, नातेवाईक हळू आवाजात बोलू लागतील आणि ती स्वतःही प्रयत्न सोडेल. ही भीती पूर्णपणे खोटी नाही, आणि कोणी ती उडवून लावू नये. मात्र आणखी एक कारण होते, जे मला स्वतःला उशिरा कळले. अहवालासाठी कौटुंबिक माहिती विचारताना मानसशास्त्रज्ञांनी मला सहज विचारले होते की मला शाळेत वाचायला कसे जायचे. मी ‘ठीक’ असे उत्तर दिले. ते खरे नव्हते. वर्गात धडा वाचण्याची पाळी जवळ येऊ लागली की मी बाकावरच्या मुलांची संख्या मोजून माझ्या वाट्याचा परिच्छेद आधीच पाठ करून ठेवत असे. ही अडचण बऱ्याचदा घराण्यात चालत येते, हे मला नंतर समजले. मुलीचा अहवाल उघडणे म्हणजे माझे बालपण उघडणे होते.

मी हे सगळे मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, म्हणजे तुम्ही पण मोजायचात?’ तीही मोजत होती. त्या दिवसानंतर ती तिच्या बाईंकडे जायला नाही म्हणाली नाही. अनुस्वार, तुमच्या यजमानांना बळेच अहवाल वाचायला लावू नका, पण त्यांच्या शाळेच्या दिवसांविषयी एकदा शांतपणे विचारून पाहा. कदाचित काहीच निघणार नाही. निघाले तर मुलाला घरातच एक सोबती मिळेल.

सावकाश

माझे वय चौतीस वर्षे आहे आणि मला वाचनाची अक्षमता आहे. ‘पूर्वी असले काही नव्हते’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगण्यासाठी एक माहिती देतो. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली होती. तो मुलगा चुणचुणीत होता, खेळांत कुठे कमी नव्हता, पण त्याला वाचता येत नव्हते. आणि शिकवणे सगळे तोंडी असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत त्यात नोंदवले आहे. म्हणजे पूर्वीही असे होतेच, फक्त बहुतेकांच्या वाट्याला त्यासाठी शब्द आला नाही, मार आला.

मला मिळालेल्या सेवांपैकी सर्वाधिक उपयोग ध्वनिमुद्रित पुस्तकांचा झाला, आणि याविषयी पालकांना फार कमी सांगितले जाते. मूल वाचायला शिकत असताना त्याचे ज्ञान आणि शब्दसंग्रह थांबून राहू नयेत यासाठी त्याला कानाने पुस्तके मिळालीच पाहिजेत. २०१३ च्या मराकेश कराराने अंध व्यक्तींबरोबरच छापील मजकूर वाचण्याची अक्षमता असलेल्यांसाठीही सुलभ प्रती तयार करण्याची आणि देशोदेशी पाठवण्याची वाट मोकळी केली आहे. बुकशेअरसारख्या ग्रंथालयात डिस्लेक्सिया असलेल्या व्यक्तीला तज्ज्ञाच्या दाखल्यावर सदस्य होता येते. दूरध्वनीवरचे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे तंत्र तर आता जवळपास प्रत्येकाच्या हातात आहे. ‘कानाने ऐकण्याची सवय लागली तर तो वाचणारच नाही’ अशी शंका काही शिक्षक घेतील. माझा अनुभव नेमका उलटा आहे. गोष्टींची गोडी लागली म्हणून मी अक्षरांशी झगडत राहिलो.

अनुस्वार

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. उंबरठा यांचा प्रतिसाद मी यजमानांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण रात्री अहवाल टेबलावरून त्यांच्या उशाशी गेलेला दिसला.

दोन शंका विचारते. एका परिचितांनी रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम करून घेणाऱ्या एका ठिकाणाचे नाव सुचवले आहे. सहा महिन्यांत अडचण मुळासकट जाईल, अशी हमी ते देतात म्हणे. दुसरी शंका मुलीविषयी. तिचे वाचन आम्ही थांबवू शकत नाही आणि त्याला ते सहन होत नाही. अशा वेळी घरात नेमके कसे वागावे?

खडूफळा

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट देते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून असे सांगितले आहे की डोळ्यांचे व्यायाम, रंगीत काचा किंवा रंगीत पट्ट्या यांनी अध्ययन अक्षमता सुधारते याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. दृष्टिदोष असेल तर चष्मा हवाच, पण तो दृष्टिदोषासाठी. आपला वेळ, पैसा आणि मुलाची उमेद या तिन्ही गोष्टी मर्यादित आहेत. त्या जिथे आधार आहे तिथे खर्च कराव्यात.

‘मुळासकट जाईल’ हे शब्द ऐकले की कृपया तिथून उठून या. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार नेमकी मदत देऊनही किमान सहा महिने टिकून राहणाऱ्या अडचणीलाच हे निदान लागू होते, आणि शाळकरी वयाच्या मुलांत तिचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असल्याचे त्याच पुस्तिकेत नमूद आहे. योग्य अध्यापनाने मूल वाचू लागते, पुष्कळदा चांगले वाचू लागते, पण वेग आणि शुद्धलेखन यांत अडचणीचा माग मोठेपणीही उरू शकतो. प्रामाणिक शिक्षक हे पहिल्याच भेटीत सांगतात.

मध्यमा

मी कुटुंबांसोबत काम करणारी समुपदेशक आहे. अहवालातील ‘पालकांचे समुपदेशन’ हे शब्द अनेक आईवडिलांना आरोपासारखे वाटतात, जणू चूक आपली होती. तसे मुळीच नाही. ही अडचण मेंदूच्या विकासाशी निगडित आहे. ती तुमच्या संगोपनातून आलेली नाही. समुपदेशनाचा हेतू एवढाच की पुढची काही वर्षे जे घर सतत अभ्यासाभोवती फिरणार आहे, त्या घरात इतर गोष्टींनाही जागा उरावी.

भावंडांविषयी म्हणाल तर, मुलीचे वाचन थांबवू नका आणि तिला दबक्या आवाजात वाचायलाही लावू नका. आपल्याला वाचता येते म्हणून दादाला त्रास होतो, हे ओझे सहा वर्षांच्या मुलीवर पडता कामा नये. तिला तिच्या वयाला साजेशा शब्दांत खरे सांगा की दादाला अक्षरे शिकायला वेगळ्या पद्धतीने आणि जास्त वेळ लागतो. त्याचप्रमाणे मुलालाही खरे सांगा. नऊ वर्षांच्या मुलाने आपल्यापुरता निष्कर्ष केव्हाच काढलेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमी ‘मी मठ्ठ आहे’ असाच असतो. अहवालातील बुद्ध्यंकाचे पान त्याला दाखवायला हरकत नाही. आकड्यासाठी नव्हे, तर बाहेरच्या जाणत्या माणसानेही त्याला मठ्ठ म्हटलेले नाही, हे त्याच्या डोळ्यांना दिसावे म्हणून. गादीखालच्या वहीबद्दल त्याला रागावू नये, हे मी वेगळे सांगायला नको. ‘ही वही लपवावीशी वाटली, इतके वाईट वाटत होते ना?’ एवढे एक वाक्य पुरे.

दोन्ही मुलांचे वाचन एकाच खोलीत, एकाच वेळी होणार नाही अशी घराची वेळ थोडी बदलून पाहा. शिवाय ज्या कामात तो खरोखर पुढे आहे, त्या कामासाठी आठवड्यात ठरलेला वेळ राखून ठेवा आणि अभ्यास राहिला म्हणून तो वेळ कधीही कापू नका. माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत पहिला बळी याच वेळेचा जातो.

तुमच्या स्वतःच्या थकव्याविषयी तुम्ही फार कमी लिहिले आहे. समुपदेशकाकडे जाताना पहिल्या भेटीला दोघे पालकच जा, मुलाला नेऊ नका. पालक-गट मिळाला तर उत्तम, नाहीतर कित्ता यांनी म्हटल्याप्रमाणे एक ओळखीचे कुटुंबही चालेल. जर मुलगा शाळेच्या नावाने पोटदुखी, झोपमोड किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा करू लागला, तर मात्र अध्यापनाची वाट पाहू नका; आधी बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

अनुस्वार

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. मूल्यमापन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी आम्हाला दुसऱ्यांदा वेळ दिली आणि या वेळी आम्ही दोघेही गेलो. अकरा प्रश्न लिहून नेले होते. मुलाला एकाग्रतेची वेगळी अडचण नाही, परंतु ध्वनी सुटे करण्याच्या चाचणीत तो बराच मागे आहे, हे त्या तक्त्यांतून त्यांनी बोट ठेवून दाखवले. एका विशेष शिक्षिकेशी बोलणे झाले. जोडाक्षरांच्या क्रमाचा प्रश्न विचारताच त्यांनी स्वतःची वही उघडून क्रम दाखवला. त्यांच्याकडे सध्या जागा नाही, दोन महिन्यांनी मिळेल. तोवर घरी काय करायचे ते त्यांनी एका कागदावर लिहून दिले आहे.

मुलाशी यजमानच बोलले. मी दाराबाहेर होते. आतून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, मग दोघांच्या हसण्याचा आवाज आला. काय बोलणे झाले ते मी विचारलेले नाही.

येत्या गुरुवारी शाळेत मुख्याध्यापिकांची भेट आहे. त्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा असा आहे : ‘आमच्या मुलाच्या मूल्यमापन अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. शक्य असल्यास त्याला वर्गात मोठ्याने वाचायला सांगू नये, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी लिखित प्रत द्यावी आणि लेखी परीक्षेत जादा वेळ द्यावा, ही विनंती. याविषयी वर्गशिक्षिका आणि आम्ही एकत्र बसून लेखी आराखडा ठरवावा, अशी आमची इच्छा आहे.’ कोणी डोळ्यांखालून घालाल का?

कित्ता

मसुदा चांगला आहे, आणि मागण्या मोजक्या आहेत हे विशेष चांगले. दोन बदल सुचवते. ‘शक्य असल्यास’ हे शब्द काढून टाका, कारण त्या दोन शब्दांना धरून पुढचे वर्षभर सगळे अशक्य ठरवता येते. शेवटच्या वाक्यात ‘इच्छा आहे’ याऐवजी बैठकीची तारीख सुचवा आणि अमुक दिवसापर्यंत लेखी उत्तर मिळावे असे लिहा. पत्राच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर पोहोच घ्या. ती फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा, त्या भोके पडलेल्या पानाच्या आधी.